लोणंद मार्गे पाटण

कामांची यादी करायची आणि झालेल्या कामापुढे बरोबरची खूण करायची, ही माझी शाळेपासूनची सवय. या आठवणी लिहायला घेतल्या तेव्हाही आधी वहीत विषय लिहून काढले. घर, स्टँड, शाळा, सांगलीचं कॉलेज, पहिली नोकरी. एकेकापुढे खूण होत गेली आणि एकच ओळ उरली. तिच्यापुढे मी तीनदा पेन्सिल टेकवली आणि तीनदा उठून काहीतरी आवरायला गेले. भीती इतकी वर्षं टिकते हे मला ठाऊक नव्हतं. आज घरात आवरण्यासारखं काही राहिलेलं नाही, म्हणून लिहिते.

आमचं घर साताऱ्यात, एसटी स्टँडच्या मागच्या बोळात, दोन खोल्यांचं. माझे वडील, म्हणजे आबा, स्टँडवर वाहतूक नियंत्रक होते आणि गाड्या पुकारायचं काम त्यांच्याकडे होतं. स्टँडचा एक कर्णा आमच्या बोळाच्या तोंडाशीच बांधलेला, त्यामुळे आबा कामावर असले तरी दिवसभर घरातच असल्यासारखे वाटायचे. आईचा सगळा स्वयंपाक त्या कर्ण्यावर चालायचा. पाटणची गाडी लागली की ती पीठ मळायला घ्यायची, शिरवळची पुकारली की तवा चढायचा, आणि मेढ्याच्या गाडीला ‘शेवटची सूचना’ मिळाली की आमटीला फोडणी, कारण त्यानंतर दहाव्या मिनिटाला आबा दारात चपला काढत असायचे. पावट्याची आमटी, ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि वर दही, हे त्यांचं ठरलेलं जेवण. आबा मूळचे पाटणच्या पलीकडच्या एका वाडीचे. कर्ण्यावर ते ‘प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे’ असं शुद्ध आणि घोटीव बोलत, आणि घरात पाऊल टाकलं की ‘आगं ए, पानी दे, घसा लय सुकलाय.’ लहानपणी मला वाटायचं की हे दोन वेगळे आबा आहेत आणि दोघंही माझे आहेत.

बारावीनंतर मी सांगलीला एका छोट्या संस्थेत ध्वनिमुद्रण आणि इलेक्ट्रॉनिक संगीत शिकायला गेले. हे खूळ माझ्या डोक्यात कुठून शिरलं हे घरात कुणी विचारलंच नाही, कर्णा समोरच होता. आबांनी एवढंच विचारलं, “तितं शिकिवत्यात काय नेमकं?” मी म्हटलं, “आवाज भरायला. आणि भरलेल्या आवाजातनं नवीन गाणं करायला.” त्यांनी तंबाखूची चिमूट गालात सारली. “आवाज भरायचा म्हंजी काय धान्य हाय व्हय गं पोत्यात भरायला?” आई म्हणाली, “आवं, शिकू द्या की. तुमी नुसतं बोलून नोकरी करताय, तिनं नुसतं ऐकून करावी.” तिच्या त्या वाक्यावर माझा प्रवेश झाला.

संस्था म्हणजे एका इमारतीचा तळमजला. तीन खोल्या, भिंतींना गाद्यांसारखे जाड पडदे, चार संगणक, एक मिक्सर आणि या सगळ्याचे राखणदार मुल्लाणीकाका. काका मिरजेकडचे, प्रयोगशाळा सहायक या हुद्द्यावरचे, पण आम्हा मुलांना खरं शिक्षण त्यांच्याकडूनच मिळालं. तारा गुंडाळायच्या कशा, मायक्रोफोनवर फुंकर का मारायची नाही, कुठलं बटण कधीच दाबायचं नाही. त्यांची भाषा ठरलेली होती. ध्वनिमुद्रण करणं म्हणजे ‘भरणं’. आणि सत्र संपलं की ते आमची कामं सीडीवर उतरवून घ्यायचे आणि मग सांगायचे, “आता मशीन पुसून घ्या रं.” म्हणजे संगणकातलं सगळं काढून टाका, पुढच्या मुलांना जागा करा. दोन वर्षं मी ‘पुसणं’ हा शब्द त्याच अर्थानं ऐकला होता.

दुसऱ्या वर्षी सरांनी सराव दिला: एकच आवाज घ्या आणि त्यातून तीन मिनिटांची रचना करा. कुणी घुंगरू घेतलं, कुणी गुऱ्हाळाचं इंजिन. मी आबांना घेतलं. दिवाळीनंतर ते एका लग्नासाठी सांगलीला आले होते, त्यांना मी थेट स्टुडिओत नेलं. काचेपलीकडच्या खोलीत ते मायक्रोफोनसमोर बसले आणि त्यांच्या तोंडून शब्द फुटेना. घाम आला. मला वाटलं बुजले. मग कळलं की स्टँडवरच्या माइकला बटण होतं, ते अंगठ्यानं दाबल्याशिवाय त्यांचं तोंड उघडायचंच नाही. मुल्लाणीकाकांनी त्यांच्या हातात एक खोडरबर दिलं. “ह्ये दाबा, सायेब.” आबांनी रबर दाबलं आणि पहाटेच्या पहिल्या गाडीपासून रात्रीच्या मुक्कामी गाडीपर्यंत साताऱ्याचं अख्खं वेळापत्रक कागदाशिवाय म्हटलं. सव्वा तास. प्रत्येक गाव, प्रत्येक फाटा. मी हेडफोन लावून बसले होते आणि माझ्या अंगावर काटा होता. इतका भरदार, इतका स्वच्छ आवाज त्या खोलीत पुन्हा कुणी भरला नाही. तो दोन नंबरच्या मशीनवर ठेवला. त्यातले चाळीसेक तुकडे, एखादा शब्द, अर्धं वाक्य, मी रचनेसाठी कापून एका सीडीवर घेतले. ती सीडी माझ्या पिशवीत असायची.

संक्रांतीला घरी गेले तेव्हा कर्ण्यावर दुसऱ्याच कुणाचा तरी आवाज होता. आई भाकरीचा अंदाज चुकून करपवत होती. “घसा बसलाय त्येंचा,” ती म्हणाली, “पंधरा दीस झालं, काढा चालू हाय.” आबा खाटेवर बसून ज्वारीची आंबील पीत होते. घोट गिळताना त्यांची मान किंचित पुढे यायची. मी त्या मानेकडे बघतेय हे त्यांना कळलं. ते मला म्हणाले, “काय न्हाई गं, थंडी हाय.” आवाज असा की वाळूत फावडं ओढावं. मी आईला मिरजेच्या डॉक्टरांचं नाव लिहून दिलं, तपासण्यांची यादी करून दिली, गाडीच्या वेळा लिहिल्या. मला भीती वाटली की मी यादी करते. अजूनही करते.

सांगलीला परत आले तेव्हा संस्थेची तपासणी दोन दिवसांवर होती. धावपळ चालली होती. मुल्लाणीकाका दारातूनच मला म्हणाले, “मने, मी परदे धुवायला टाकून येतो. तवर तू खुर्च्या, काचा आन् दोन नंबरचं मशीन पुसून घे गं बाय. सायेब लोक येनार हायेत.” मी वहीत लिहिलं. खुर्च्या. काचा. मशीन दोन. खुर्च्या पुसल्या, खूण केली. काचा पुसल्या, खूण केली. मग मशीन दोनपुढे बसले आणि त्यातलं सगळं काढून टाकलं. मला शंका आली नाही, कारण काकांनी सीडी उतरवून घेतल्याशिवाय कधीच ‘पुसून घे’ म्हटलं नव्हतं. त्याच दुपारी शेवटच्या वर्षाच्या मुलांनी त्या मोकळ्या झालेल्या जागेत त्यांचं ढोलताशाचं पथक भरलं. तिसरी खूण करून मी जेवायला गेले. त्या दिवशी खानावळीत भरली वांगी होती, हेही मला आठवतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका मशीनवरची धूळ बोटानं पाहत होते. “ह्ये न्हाई पुसलंस व्हय?” मी म्हटलं, “पुसलं की काका. पूर्ण रिकामं केलं.” त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या हातातलं पिवळं फडकं तसंच वर राहिलं. “आगं,” ते हळूच म्हणाले, “पुसून घे म्हंजी फडक्यानं गं!” मग ते खाली बसले. आम्ही दोघांनी दोन दिवस जे जे करता येत होतं ते करून पाहिलं, पुण्याला फोन केले, एका माणसाला मशीन उघडून दाखवलं. ढोलताशाखालून कुणाचाच आवाज निघत नाही असं तो म्हणाला. “धूळ झटक म्हनलो असतो तर काय जीब झडली असती का माजी,” असं काका दिवसभर स्वतःशीच बोलत होते. मी त्यांना म्हटलं, पुन्हा भरू, आबा बरे झाले की पुन्हा बसवू.

आबा बरे होणार नव्हते. त्याच आठवड्यात मिरजेच्या दवाखान्यात घशातला तुकडा काढून तपासला आणि डॉक्टरांनी आम्हा तिघांना समोर बसवून सांगितलं. गाठ आहे. स्वरयंत्र काढावं लागेल. लवकर काढलं तर जीव राहील, आवाज राहणार नाही. आईनं पदर तोंडात धरला. आबांनी विचारलं, “म्हंजी कायमचं?” डॉक्टर म्हणाले, “कायमचं.” आबा उठले, “मग न्हाई करायचं,” असं म्हणाले आणि बाहेर जाऊन बाकावर बसले.

चार दिवस ते दवाखान्याच्या खाटेवर भिंतीकडे तोंड करून होते. संमतीचा कागद उशाला होता. आई विनवायची, रागवायची, माझी शपथ घालायची. “आवं, माझ्याकडं बगा तरी.” ते म्हणायचे, “बोलल्याबिगर मी काय हाय गं? नुसतं हाडांचं गाठोडं.” मी रोज कॉलेज करून संध्याकाळी मिरजेला यायचे. पाचव्या संध्याकाळी आबा माझ्याकडे वळले. त्यांच्या डोळ्यांत मला आठवड्यात पहिल्यांदा काही हललेलं दिसलं. “मने, तू माझा आवाज भरून ठेवलायस नव्हं? सगळा? पाटणची, मेढ्याची, सगळ्या गाड्या?” आई एकदम माझ्याकडे बघायला लागली, बुडणारं माणूस काठाकडं बघतं तशी. मी म्हणाले, “व्हय आबा. हाय.”

त्यांनी लांब श्वास सोडला. “मग झालं. पोरीकडं हाय तर गेला कुटं? उद्या मला एकदा ऐकीव. ऐकतो आन् सही करतो.”

आज मी या वयात त्या मुलीकडे पाहते तेव्हा तिला दोन थोबाडीत द्याव्यात असंही वाटतं आणि जवळ घ्यावं असंही. खरं सांगितलं तर ते सही करणार नाहीत आणि मरतील. नाही सांगितलं तर एका खोट्यावर विसंबून स्वतःचा गळा कापून देतील. या दोन्हींच्या मध्ये उभं राहायला जागाच नव्हती. रात्रीच्या गाडीनं मी सांगलीला परतले.

सकाळी आठला मी स्टुडिओत गेले आणि पिशवीतली तुकड्यांची सीडी काढली. चाळीस तुकडे. ‘प्रवाशांनी’. ‘सातारा’. ‘जाणारी गाडी’. ‘फलाट क्रमांक’. ‘पाटण’ एकदाच, पण सुरेख. मी ठरवलं, एक घोषणा जोडायची. एकच, पाटणची, त्यांच्या गावाकडची. मशीनच्या पट्ट्यावर तुकडे मांडले, श्वासाला श्वास जुळवला, खोलीचा घुमार सारखा केला. गाडी आणि गाव यांच्यामध्ये कोणत्या मार्गानं ते हवं होतं, नाहीतर घोषणा उघडी वाटत होती. ‘मार्गे’ असलेला एकच अखंड तुकडा माझ्याकडे होता, नीरेच्या गाडीतला. तो बसवला. इतका चपखल बसला की सांधा मलाही सापडेना. दुपारी काकांनी ते कॅसेटवर उतरवून त्यांचा लहान टेपरेकॉर्डर मला दिला. त्यांनी हेडफोन लावून ऐकलं, डोळे पुसले आणि म्हणाले, “जिवंत हाय गं.” ते मिरजेकडचे. त्यांना साताऱ्याच्या गाड्या कुठून माहीत असणार? मला मात्र माहीत होत्या. झोपेत विचारल्या असत्या तरी सांगितल्या असत्या. पण मी त्या दिवशी आवाज ऐकत होते, गावं ऐकतच नव्हते.

संध्याकाळी टेप आबांच्या छातीवर ठेवला आणि बटण दाबलं. वॉर्डात त्यांचा जुना आवाज उभा राहिला. “प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. सातारा, लोणंद मार्गे, पाटणला जाणारी गाडी फलाट क्रमांक चारवर लागत आहे.” आई हुंदके देत होती. पलीकडच्या खाटेवरचा माणूस उठून बसला. आबांचे डोळे मिटलेले होते.

“पुन्यांदा लाव.”

मी लावलं. त्यांनी डोळे उघडले.

“ही कुटली गाडी?”

“पाटणची की आवं,” आई म्हणाली, “तुमचीच.”

“पाटणची गाडी लोणंदावरनं?” आबा कोपरावर उठले. “लोणंद वर, पाटण खाली. फलटणकडं त्वांड करून पाटणला जातीय व्हय कुटली गाडी? तीस वर्सांत मी एकदाबी असं बोललेलो न्हाई.” मग ते थांबले. माझ्याकडे बघत राहिले. “ह्ये तू जोडलंस,” ते म्हणाले. “व्हय का न्हाई?”

मी सगळं सांगितलं. खुर्च्या, काचा, मशीन दोन. ढोलताशा. ‘हाय’ म्हटलं ते. सांगताना मी त्यांच्या उशाच्या अभ्र्याकडे बघत होते, त्यावर दवाखान्याचा निळा शिक्का होता. वॉर्डाबाहेर कुणीतरी स्टीलचं ताट आपटलं.

“सगळंच गेलं?” आबांनी विचारलं.

“सगळं.”

“वाठारची मुक्कामीबी?”

“गेली.”

“मेढ्याची?”

“तीबी.”

“कोरेगावची, दुपारची?” एखाद्या अपघातानंतर माणूस गावातल्या एकेकाचं नाव घेऊन विचारतं तसे ते विचारत होते, आणि मी प्रत्येकीला ‘गेली’ म्हणत होते. आई म्हणाली, “आवं, जाऊ द्या की गाड्या! पोरगी बगा कशी कापाया लागलीय.” त्यांनी हात वर करून तिला थांबवलं.

“ह्या डब्यावर भरता येतं का?”

“येतं.”

“मग कर चालू. आसली चुकीची घोषणा मागं ठिवून जायचं न्हाई. उद्या कोण तरी ऐकंल आन् बसंल लोणंदच्या गाडीत.” ते सरळ बसले, अंगरख्याची नाडी नीट केली. मी लाल बटण दाबलं. त्यांनी घसा साफ करायचा प्रयत्न केला, तो झाला नाही, तरी ते कर्ण्यावरच्या भाषेत बोलले. “प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. यापूर्वी केलेली घोषणा चुकीची आहे. सातारा पाटण गाडी नागठाणे, काशीळ, उंब्रज, मल्हारपेठ या मार्गे जाईल. गैरसोयीबद्दल...” इथे आवाज तुटला. नुसती हवा आली. मग पुन्हा, फरफटत, “क्षमा असावी.”

“लाव बगू,” ते म्हणाले.

मी लावलं. आणि तेव्हा त्यांचा चेहरा बदलला. घसा बसल्यापासून त्यांनी स्वतःचा आवाज बाहेरून ऐकलाच नव्हता. स्टँडवर त्यांना माइकपासून उठवलं होतं, घरात कुणी तोंडावर सांगत नव्हतं. ‘थंडी हाय’ हेच ते धरून होते. टेपमधून येणारा तो कर्रर्र आवाज त्यांनी शेवटपर्यंत ऐकला. “ह्यो मी?” त्यांनी आईला विचारलं. आईनं मान खाली घातली. “मला वाटत हुतं, अजून हाय थोडाफार. घसा मोकळा झाला की येईल.” मग त्यांनी टेपवर हात ठेवला. “म्हंजी ज्येच्यासाठी हितं भितीकडं त्वांड करून बसलोय, त्यो तर कवाच गेला. पोरीनं न्हाई घालवला. आधीच गेला.” त्यांनी उशाखालून कागद ओढला. “पेन दे.”

मी पेन दिलं. त्यांनी सही केली, खाली वेळ लिहिली, स्टँडच्या नोंदीत लिहायचे तशी, आणि कागद आईकडे दिला. मला ते काही बोलले नाहीत. ‘जाऊ दे’ म्हणाले नाहीत, जवळही घेतलं नाही. त्या रात्रभर मी वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून ते मला कधी माफ करतील का याचा विचार केला, आणि सकाळ होईपर्यंत त्याहून मोठी भीती आली: आता काही बिघडलं तर.

आबा त्यानंतर पुष्कळ वर्षं जगले, माझं लग्न पाहिलं, नातवाला हातवाऱ्यांनी हसवलं. बोलायचं ते सगळं ते पाटीवर लिहायचे, पण माफीचा विषय त्यांनी तिच्यावर कधीच लिहिला नाही आणि मीही काढला नाही. काही कामांपुढे खूण होत नाही, हे मी त्यांच्याकडून शिकले.

त्या सकाळी त्यांना न्यायला चाकाची खाट आली. ढकलणारा माणूस पन्नाशीचा, जाड मिशांचा, घाईत होता. आई एका बाजूनं, मी दुसऱ्या बाजूनं, आबांचा हात माझ्या मनगटावर. त्यांनी तो कधी ठेवला मला कळलंच नव्हतं. पकड घट्ट होती, त्यांनाही भीती वाटत होती. व्हरांड्याच्या टोकाला शस्त्रक्रियेच्या खोलीकडे जायचा कोपरा आला, खाट भरधाव निघाली होती, आणि आबांनी डोकं उचलून त्या माणसाला, त्या फाटक्या आवाजात, आयुष्यातलं शेवटचं वाक्य सांगितलं.

“सावकाश रं गड्या. वळान हाय.”

तो माणूस हसला, आणि त्यानं खाट सावकाश वळवली.